तपकीर गल्लीतले टीव्ही रिपेअरवाले काका: पाचपैकी चार

पुण्यात नवी पेठेत माझी खानावळ आहे, एमपीएससीची पोरं जेवायला असतात. ऐन आयपीएलच्या तोंडावर भिंतीवरचा ४३ इंची टीव्ही रुसला. लाल दिवा लागायचा, रिमोट दाबला की आतून टिक्-टिक् व्हायचं, आणि परत नुसता लाल दिवा. कंपनीचा माणूस आला, मागचं झाकणसुद्धा न उघडता "बोर्ड गेलाय, मिळत नाही आता, नवीनच घ्या" म्हणाला आणि व्हिजिट चार्ज घेऊन गेला.

मग एका पोराने बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतला हा नंबर दिला. काकांनी फोनवरच उलटतपासणी घेतली. प्लग काढून थोडा वेळ ठेवला का? दुसऱ्या सॉकेटला लावून बघितला? टीव्हीवरचं बटण दाबलं? रिमोट मोबाईलच्या सेल्फी कॅमेऱ्यासमोर धरून दाबा, पुढचा दिवा चमकताना दिसतो का? सगळं झालं होतं. मग म्हणाले, "ताई, आधी काही दिवस उशिरा चालू व्हायचा का? सकाळी त्रास, दुपारी बरा?" अगदी तसंच होतं! "आणा मग. बहुतेक पॅनेलला, म्हणजे पडद्याला, हात लावावा लागणार नाही."

दुकान म्हणजे माझ्या भटारखान्याच्या निम्मं. काकांनी झाकण उघडलं आणि मलाच लाज वाटली: बोर्डावर फोडणीच्या वाफेचा चिकट थर, त्यावर धूळ. त्यांनी आधी सिरीज बल्ब लावून, म्हणजे टीव्हीकडे जाणाऱ्या वायरीच्या वाटेत एक बल्ब जोडून, करंट दिला. बल्ब क्षणभर उजळला आणि मंद झाला, म्हणजे आत शॉर्ट नाही. मग पॉवर सप्लायवरचे तीन कपॅसिटर (वीज साठवणारे छोटे डबे) दाखवले, डोकी टम्म फुगलेली. उष्णतेने आतलं द्रव्य सुकत जातं, टीव्ही उठायला बघतो, व्होल्टेज पुरत नाही, परत बसतो. तेच ते टिक्-टिक्. जुने ८५ डिग्रीपर्यंत उष्णता सोसणारे होते, यांनी १०५ डिग्रीचे घातले. बोर्ड ब्रशने साफ केला. बिल साडेसहाशे रुपये, जुने पार्ट पुडीत बांधून हातात.

मी विचारलं, हे घरी जमेल का? काका उखडलेच. प्लग काढला तरी मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशेच्या वर व्होल्ट राहू शकतात, झाकणाला हात लावायचा नाही म्हणाले. आवाज येतो पण चित्र नाही, असं असेल तर मात्र अंधारात पडद्यावर तिरकी बॅटरी मारून बघा. पुसट चित्र दिसलं तर बॅकलाइटच्या, म्हणजे पडद्यामागून उजेड देणाऱ्या, पट्ट्या गेल्या. त्याचा खर्च जास्त, कारण त्यासाठी पॅनेल उचकटावं लागतं, आणि ते फुटण्याची जोखीम तुमची असं ते आधीच सांगतात. मला हे आवडलं.

एक स्टार कापला तो वेळेसाठी. "उद्या देतो" म्हणजे उद्या नाही, पोरांनी दोन मॅच मोबाईलवर बघितल्या. शिवाय फोन स्वतःहून करत नाहीत, आपणच मागे लागायचं. पावतीवर तीन महिन्यांची गॅरंटी मात्र लिहून देतात, फक्त बदललेल्या पार्टची.

जाणार असाल तर टीव्ही रिक्षात उभाच धरा, आडवा टाकू नका. स्वतःची गाडी असेल तर मंडईजवळच्या पार्किंगमध्ये लावा, गल्लीत दुचाकीलासुद्धा जागा नसते. आणि जिना अरुंद आहे, सोबत एक धडधाकट पोरगा घ्या.