ऑटोक्रॉसला रोजचीच गाडी न्यायची, की पन्नास हजारांचा डबा घ्यायचा?

चतुर्थीला माटोळीखाली बसून नेवऱ्या खाता खाता भाच्याने विचारलं, "मामा, ऑटोक्रॉस करून बघायचाय, माझी स्विफ्ट नेऊ की मारुतीची एखादी जुनी एस्टीम-बिस्टीम बघू?" त्याची स्विफ्ट २०१९ ची पेट्रोल, हप्ते अजून चालू, रोज म्हापसा ते वेर्णा ड्युटी. तेव्हा आरतीची वेळ झाली म्हणून अर्धंच उत्तर दिलं. हाच प्रश्न डिचोलीतल्या दोन-तीन पोरांनीही विचारलाय, म्हणून आता सगळंच लिहून टाकतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हा खेळ म्हणजे मोकळ्या मैदानावर कोन मांडून वळणावळणाचा ट्रॅक करतात, एका वेळी एकच गाडी सोडतात, लढाई फक्त घड्याळाशी. मिनिट-दीड मिनिटात संपतं. कोन पाडला की वेळेत सेकंद वाढतात, कोनाच्या चुकीच्या बाजूने गेलात की बहुतेक ठिकाणी त्याहून जास्त. स्टॉक, म्हणजे कंपनीतून आली तशीच असलेली गाडी बऱ्याच ट्रॅकवर दुसऱ्या गिअरच्या वर जातच नाही, त्यामुळे "माझी गाडी फक्त १२०० सीसीची आहे हो" वगैरे रडगाणं नको, सीसीप्रमाणे क्लास वेगळे असतात आणि नवख्यांचाही बऱ्याचदा वेगळा ठेवतात.

गाडीच्या आधी एक गोष्ट ठरवा, डांबर की माती. अमेरिकेतल्या व्हिडिओत दिसतं ते बहुतेक पार्किंगच्या गुळगुळीत डांबरावर असतं, आपल्याकडे ऑटोक्रॉस म्हटलं की बऱ्याचदा मातीचं मैदान, आणि गोव्यात माती म्हणजे सड्यावरची लाल माती, खाली चिऱ्याचे खडे. डांबरावर टायर झिजतात, ब्रेक तापतात, बस. मातीवर खडा उडून इंजिनखालच्या ऑइल सम्पला, म्हणजे तेलाच्या भांड्याला लागतो, बंपरच्या क्लिपा सुटतात, आणि ती लाल धूळ एसीत जाऊन बसते ती पुढच्या पावसाळ्यापर्यंत वास देते. माझ्या गाडीत दरवाजाच्या रबरात अजून आहे, बायको पांढरा ड्रेस घालून बसत नाही.

आता रोजची गाडी. फायदा एकच पण मोठा, तिला तुम्ही ओळखता. क्लच कुठे पकडतो, ब्रेक किती दाबला की चाक लॉक व्हायला येतं, हे पायाला माहीत असतं. शिवाय ती सकाळी चालू होते, जे जुन्या गाडीबद्दल छातीठोक सांगता येत नाही. खर्चही कमी, एंट्री फी, पेट्रोल, एक फुल फेस हेल्मेट. काही मॉडिफाय करायची गरज नाही, उलट करूच नका, स्टॉक क्लासमधून बाहेर फेकले जाल. फक्त गाडी रिकामी करा. मॅट, पाण्याच्या बाटल्या, डॅशबोर्डवरचा गणपती, सगळं बाहेर. एकदा माझ्या सीटखालून एक बाटली घरंगळत येऊन ब्रेकच्या पेडलमागे बसली होती, तेव्हापासून मी सीटखाली हात घालून बघितल्याशिवाय स्टार्टलाइनला जात नाही.

डांबरावर जाणार असाल तर टायरच्या हवेचं बघा. आपल्या गाड्या बहुतेक पुढच्या चाकावर ओढणाऱ्या, वजनही पुढे, वळणात जोरात स्टिअरिंग फिरवलं की पुढच्या टायरची बगल दुमडते आणि गाडी वळायच्या ऐवजी सरळ चालत राहते. दारावरच्या स्टिकरवर जो आकडा असेल त्याच्यावर पुढे पाच-सहा पीएसआय जास्त घाला, टायरच्या कडेवर पांढऱ्या खडूने चार रेघा ओढा आणि एक रन मारून या. बऱ्याच टायरांवर बगलेला एक बारीक त्रिकोण असतो, खडू त्याच्या खालपर्यंत पुसला गेला तर अजून हवा लागते, त्रिकोणापर्यंत पोचलाच नाही तर थोडी काढा. दहा रुपयांचा खडू. पैसे घालून नवीन सस्पेन्शन बसवणाऱ्यांपेक्षा हे करणारे पहिल्या वर्षी जास्त शिकतात असं माझं मत आहे.

तोटा? भीती. हप्ते चालू असलेल्या गाडीत माणूस कोनाकडे बघत नाही, बंपरकडे बघतो. आणि दुसरं, विमा. घरातली पॉलिसी काढा, लिमिटेशन्स अ‍ॅज टू यूज असं लिहिलेली ओळ असते, त्यात ऑर्गनाइज्ड रेसिंग, पेस मेकिंग, स्पीड टेस्टिंग, रिलायबिलिटी ट्रायल हे स्पष्ट वगळलेलं असतं. म्हणजे मैदानात काही फुटलं तर झिरो डेप (घसारा न कापणारी) पॉलिसी असो की काहीही असो, तुमच्या खिशातून. "येताना रस्त्यावर ठोकली म्हणून सांग" असा सल्ला देणारे शहाणे भेटतील, त्यांच्या नादी लागू नका, खोटा क्लेम तो खोटाच.

आता डबा. मी स्वतः घेतला होता, २००४ ची एस्टीम, पंचावन्न हजार. कागदावर झकास गाडी, १३०० सीसी, ८५ बीएचपी, वजन नऊशे किलोच्या आत, हल्लीच्या हॅचबॅकपेक्षा फार मागे नाही. विकणाऱ्याने सांगितलं "इंजिन सील पॅक," म्हणजे कधी उघडलेलंच नाही. असेलही. पण पहिल्या इव्हेंटला रेडिएटरचा फॅन गेला, दुसऱ्याला वळणात कटकट आवाज यायला लागला, सीव्ही जॉइंट (चाक फिरवणारा सांधा) गेलेला, तिसऱ्या इव्हेंटला मी पोचलोच नाही. त्या मोसमात मी गाडी कमी चालवली आणि मेकॅनिक मेस्ताच्या शेडमध्ये चहा जास्त प्यायलो. वर कागदपत्रं. खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन पंधरा वर्षांनी रिन्यू करायला लागतं, त्याची फी एप्रिल २०२२ मध्ये सहाशेवरून पाच हजार झाली, वीस वर्षांवरच्या गाडीला आता त्याहूनही जास्त, फिटनेसला गाडी दाखवायची ती वेगळीच. रिन्यू नाही केलं तर रस्त्यावर आणता येत नाही, मग प्रत्येक वेळी टेम्पोवर चढवून न्या.

गंमत सांगतो, एकदा एकाच मैदानात एकाच दिवशी मी दोन्ही गाड्या चालवल्या, ही एस्टीम आणि माझी रोजची स्विफ्ट. एस्टीममध्ये बिनधास्त होतो, हँडब्रेक ओढून मागची चाकं घसरवली, धुरळा उडवला, लोकांनी शिट्ट्या मारल्या. वेळ चांगली आली ती स्विफ्टमध्ये. एस्टीमचे सस्पेन्शनमधले रबरी बुश गेलेले, स्टिअरिंग फिरवल्यावर गाडी विचार करून वळायची. पण मजा कुठे आली विचाराल तर एस्टीममध्येच, खोटं कशाला बोलू. म्हणून मातीवरच खेळायचं असेल, मेकॅनिकशी घरोबा असेल आणि घरी पत्र्याच्या शेडखाली जागा असेल तर डबा घ्या, या तिन्हीतलं एक जरी नसेल तर नका घेऊ.

तिसरा रस्ता कार्टिंगचा. मडगावजवळ नुव्याला जाऊन दहा-दहा मिनिटं मारा किंवा शौक मोठा असेल तर कोल्हापूरला मोहित्यांच्या ट्रॅकवर, पणजीहून दोनशेच्या वर किलोमीटर पडतं, पण तो खरा रेसिंगचा ट्रॅक आहे. कार्टमध्ये वळणात गाडी कुठून काढायची ती लाइन कळते, ब्रेक कधी सोडायचा ते कळतं. पण कार्टला सस्पेन्शन नसतं आणि ती मागच्या चाकावर चालते, त्यामुळे ब्रेक मारल्यावर गाडीचं वजन पुढे झुकतं आणि मागचं हलकं होतं, ही ऑटोक्रॉसची खरी मेख तिथे कळत नाही. कोनांत हात बसेपर्यंत ठीक.

रेंट-अ-कारबद्दल पण विचारलं एकाने. काळ्या पाटीची गाडी रेसला नेणार? अरे बाबा, करार वाच, मग विचार.

बाकी गाड्यांबद्दल थोडक्यात. डिझेल स्विफ्टला १९० एनएम टॉर्क, पण नाक जड, वळताना जाणवतं. पोलो टीएसआय भारी, पण ती २०२२ मध्ये बंद झाली आणि पार्ट महाग. एएमटी (क्लच नसलेली, आपोआप गिअर बदलणारी) असेल तर मॅन्युअल मोडमध्ये दुसऱ्यावर टाकून ठेवा, नाहीतर ती ऐन वळणात गिअर बदलायचा विचार करत बसते. नव्या स्विफ्टमध्ये ईएसपी, म्हणजे घसरणारी गाडी सावरणारी यंत्रणा आहे, पहिल्या दिवशी चालूच ठेवा, वेळ जरा वाढेल, वाढू दे.

कुठल्याही गाडीने जा, आयोजकाकडे एफएमएससीआयची (देशातल्या मोटरस्पोर्टच्या संघटनेची) परवानगी आहे का आणि मैदानात अ‍ॅम्ब्युलन्स उभी आहे का, हे विचारूनच पैसे भरा. आणि "जरा प्रॅक्टिस करूया" म्हणून रात्री मोपा विमानतळाच्या रस्त्यावर जाऊ नका, सार्वजनिक रस्त्यावर शर्यत म्हणजे मोटार वाहन कायद्याचं कलम १८९, पहिल्याच वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

भाच्याला सांगितलं ते असं, डांबरावरचा इव्हेंट मिळेपर्यंत थांब, तिथे स्वतःची स्विफ्ट ने, एक-दोन इव्हेंट कर, मातीची चटक लागली तर मग डब्याचं बघू, तेव्हा गाडी बघायला मी येतो. गेल्या रविवारी आला होता, दोघांनी मिळून डिकी रिकामी केली. दोन छत्र्या, जिमची बॅग, एक सुकलेला हार आणि ताईने माझ्यासाठी दिलेले अकरा नारळ, जे तो तीन आठवडे वेर्ण्याला फिरवत होता. नारळ ठेवून घेतले.