निपाणीच्या छापखान्यातून मराठी ब्लॉग: वर्ष उलटल्यानंतरचा हिशेब

भेटेल तो आधी हेच विचारतो, म्हणून आधी तेच सांगतो. पैसे मिळतात का? मिळतात. पण व्हिडिओत सांगतात त्या वाटेनं मिळत नाहीत, आणि तेवढे तर नाहीच नाही. आमचा निपाणीत लहानसा छापखाना आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, यात्रेची हँडबिलं आणि आता फ्लेक्सची डिझाइनं. लग्नसराई सरली की मशीन थंड पडतं. त्या मोकळ्या वेळात ब्लॉग सुरू केला. विषय दोन: सीमाभागातला मराठी माणूस अडतो ती कन्नड कागदपत्रं, आणि चिंचली-सौंदत्तीसारख्या यात्रा. वर्ष उलटून गेलं, मग आता लिहायला हरकत नाही.

सुरुवात ब्लॉगर या ब्लॉग चालवायच्या सेवेवर केली. ही सेवा 1999 ची, 2003 मध्ये गुगलनं विकत घेतली, आणि आतला चेहरामोहरा बघितला की वय कळतं. पण फुकट आहे, होस्टिंगचं, म्हणजे साइट ठेवायच्या जागेच्या भाड्याचं, बिल नाही, स्वतःचं डोमेन, म्हणजे साइटचा स्वतःचा पत्ता, जोडता येतं आणि गर्दी झाली तरी साइट बसत नाही. नव्या माणसाला मी अजूनही हेच सांगतो. फक्त डोमेन पहिल्या दिवसापासून स्वतःचं घ्या. ब्लॉगस्पॉटचा फुकटचा पत्ता लोकांच्या तोंडी बसला की पुढं घर बदलताना तो बरोबर नेता येत नाही. डोमेन स्वतःचं असलं तर वर्डप्रेसमध्ये, म्हणजे साइट चालवायच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, गेल्यावर लेखांच्या पत्त्याची रचना जुन्यासारखी, म्हणजे वर्ष, महिना आणि शेवटी एचटीएमएल अशी ठेवायची. मग जुन्या लिंका मरत नाहीत.

पत्त्यांचं एक प्रकरण देवनागरीत लिहिणाऱ्यांनी समजून घ्यायलाच हवं. ब्लॉगरमध्ये शीर्षक मराठीत दिलं की लेखाचा पत्ता नुसता ‘ब्लॉग-पोस्ट’ असा इंग्रजीत तयार होतो, पुढच्या लेखाला तेच आणि मागं एक आकडा. कशावरचा लेख आहे हे पत्त्यावरून कुणालाच कळत नाही. वर्डप्रेस देवनागरी तशीच ठेवतं. ब्राउझरमध्ये ते छान दिसतं, पण लिंक कॉपी करून व्हॉट्सॲपवर टाकली की एकेका चिन्हाची टक्क्याच्या खुणांसकट नऊ-नऊ अक्षरं होतात. ‘उतारा’ एवढ्याशा शब्दाची पाऊण ओळ. वर डेटाबेसमध्ये त्या जागेला 200 अक्षरांची मर्यादा असल्यानं काना-मात्रा धरून बावीसेक चिन्हांनंतर पत्ता मध्येच तुटतो. मी आता प्रत्येक लेखाचा पत्ता हातानं, इंग्रजी लिपीत, तीन-चार शब्दांचा देतो. शोधणारे निम्मेअधिक लोकही इंग्रजी लिपीतच मराठी टाइप करतात. गुगलचं सर्च कन्सोल हे साइटमालकांसाठीचं पान उघडलं की कोण काय टाइप करून आलं ते दिसतं. कुणी बेलगाम लिहितो, कुणी बेळगाव, कुणी सरकारी कागदावरचं बेळगावी. मजकुरात तिन्ही रूपं कुठं ना कुठं येऊ द्यावीत, शीर्षकात कोंबू नयेत.

पुढं मी वर्डप्रेसवर गेलो. तिथं होस्टिंग आलं, आणि होस्टिंग आलं की नूतनीकरण आलं. कंपनीचं नाव घेत नाही, कारण या धंद्यात बहुतेकांची रीत हीच. पहिल्या वर्षाचा दर बघून हसू येतं, दुसऱ्या वर्षाचा बघून रडू. आमच्याकडं तो जवळपास तिप्पट झाला, त्यावर 18 टक्के जीएसटी वेगळा. घेताना मोठ्या अक्षरातला दर बघू नका, खाली बारीक अक्षरात नूतनीकरणाचा दर लिहिलेला असतो तो बघा. दोन्ही दर वहीत मांडून मग कार्ड काढायचं.

आमच्यासारख्या डीटीपीवाल्यांची खरी डोकेदुखी फॉन्टची. छापखान्यात वर्षानुवर्षांचा मजकूर पडलेला आहे: यात्रांच्या पुस्तिका, मंडळांच्या स्मरणिका. वाटलं, परवानगी घेऊन हाच टाकला तर शंभर लेख तयार. पण तो सगळा श्रीलिपीत, म्हणजे छपाईच्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टात. वेबला युनिकोड, म्हणजे कुठल्याही फोनवर सारखी दिसणारी अक्षरं लागतात. कन्व्हर्टर आहेत, पण त्यातून बाहेर आलेला मजकूर जसाच्या तसा टाकला तर वाचक दुसऱ्या ओळीला पळतो. पहिली वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते, ‘दऱ्या’ आणि ‘कऱ्हाड’ मधला र हमखास मोडतो, रफार पुढच्या अक्षरावर घसरतो. एक पान तपासायला जेवढा वेळ जातो तेवढ्यात नव्यानं टाइप करून होतं. मी शेवटी इनस्क्रिप्ट या युनिकोडच्या कीबोर्डवरच टाइप करायला लागलो. दुसरं म्हणजे साइटची भाषा मराठी ठेवा. वर्डप्रेस मराठीत उपलब्ध आहे आणि पानाची भाषा मराठी नोंदवलेली असली की चांगले फॉन्ट ल आणि श आपल्या वळणाचे दाखवतात, हिंदी वळणाचे नाही. मी काही दिवस टिरो देवनागरी मराठी हा फॉन्ट वापरला. दिसायला देखणा, पण गावाकडच्या नेटवर्कवर पान उघडायला वेळ लागतो म्हणून मजकुराला फोनमधलाच फॉन्ट ठेवला आणि टिरो फक्त शीर्षकांना.

आता लोक कशासाठी येतात ते. यात्रांचे लेख मी जीव लावून लिहिले आणि ते वर्षातून आठवडाभर चालतात. माघात मायाक्काची यात्रा आली की चिंचलीचा लेख उसळतो, पौर्णिमा उलटली की थंड. बारा महिने चालतो तो उताऱ्याचा लेख. कर्नाटकातला जमिनीचा उतारा म्हणजे आरटीसी, बोलण्यात पहाणी. सरकारच्या भूमी पोर्टलवरून तो निघतो, पण सगळा कन्नडमध्ये. आमच्या भागात अर्धं कुटुंब निपाणीत आणि अर्धं कागलला असतं. इकडं एकर-गुंठा-आणा, तिकडं सातबाऱ्यावर हेक्टर-आर. भाऊ वाटणीला बसले की पहिला अर्धा तास आकडे जुळवण्यात जातो. मी एक साधा तक्ता टाकला: 16 आणे म्हणजे एक गुंठा, 40 गुंठे म्हणजे एक एकर, एक हेक्टर म्हणजे साधारण 2.47 एकर, आणि गुंठा व आर जवळजवळ सारखेच. खाली उताऱ्याचा एकेक रकाना, त्याचं कन्नड नाव देवनागरीत आणि अर्थ मराठीत. याच्याहून जास्त वाचलेलं माझं दुसरं काही नाही.

त्या लेखाखाली छापखान्याचा नंबर होता, तिथून फोन सुरू झाले. एक आजोबा दर दोन वाक्यांनी थांबत विचारत होते, “हॅलो, त्ये उताऱ्याचं लिवल्यालं तुम्हीच न्हवं? आमच्या उताऱ्यावर चार गुंठं ‘ब’ खराब दिसत्यात. ती आमची न्हवं काय ओ?” ‘अ’ खराब म्हणजे मालकाचीच, पण पिकाला निरुपयोगी जमीन. ‘ब’ खराब म्हणजे रस्ता, ओढा अशी सार्वजनिक वापराची. ती विकता येत नाही. हे सांगितल्यावर पलीकडं बराच वेळ शांतता, मग “म्हंजी त्या एजंटानं आमास्नी येडं केलं म्हणा की.” तो प्रश्न तसाच लेखात घातला आणि वाचक वाढले. लोक विचारतात तेच लिहायचं, त्यांच्याच शब्दांत. सर्चमध्ये वर येण्यासाठी मी केलेला खरा उद्योग एवढाच.

आता जाहिराती. साइटवर जाहिराती लावून पैसे देणारं गुगलचं ॲडसेन्स 2003 पासूनचं आहे, हिंदीला ते 2014 च्या अखेरीस खुलं झालं, मराठी त्यानंतर आली. आता मराठी मजकुराला अडचण नाही. दहा डॉलर जमले की तुमच्या पत्त्यावर पिन असलेलं टपाल येतं, तो पिन खात्यात भरायचा. चार महिन्यांत भरला नाही तर जाहिराती बंद होतात. पाकीट लहान, पांढरं, पोस्टकार्डापेक्षा थोडंच मोठं. आमच्याकडं ते पत्रिकांच्या नमुन्यांच्या गठ्ठ्यात गेलं होतं, बायकोनं काढलं म्हणून सापडलं. म्हणून घरात सगळ्यांना सांगून ठेवा. खात्यातला पत्ता पोस्टमनला कळेल असा लिहा, गल्ली आणि जवळची खूण घालून. शंभर डॉलर झाल्याशिवाय पैसे निघत नाहीत, निघाले की महिन्याच्या 21 ते 26 तारखेच्या दरम्यान.

शंभर डॉलर म्हटलं की लहान वाटतं. मराठी, स्थानिक विषयाच्या ब्लॉगला तिथं पोचायला महिने लागतात, आणि मला लागले. जाहिरातीचा दर वाचक कुठला, भाषा कुठली, विषय कुठला यावर ठरतो. आखातात किंवा अमेरिकेत असलेला बेळगावकर पान उघडतो तेव्हा आकडा किंचित हलतो. चिकोडीचा शेतकरी उघडतो तेव्हा हलल्याचं कळतही नाही. जाहिरातदार देतो त्यातले 68 टक्के प्रकाशकाला मिळतात असं गुगल सांगतं, ती वाटणी वाईट नाही. मुळात वाटायलाच फार नसतं. पैसे परदेशातून येतात, म्हणून बँकेचा स्विफ्ट कोड लागतो, अमेरिकेच्या कराचा फॉर्म ऑनलाइन भरावा लागतो, आणि पहिल्यांदा रक्कम आली की शाखेतून फोन येतो, हे कशाचे? जाहिरातीचे, असं सांगून पर्पज कोड, म्हणजे पैसे कशाचे ते दाखवणारा आकडा, द्यायचा. बँकेचं शुल्क कापलं जातं, त्यामुळं शंभर झाले की लगेच ओढण्यापेक्षा खात्यात मर्यादा वाढवून ठेवणं बरं. आमच्या सीएनं वर्षाच्या हिशेबात धंद्याचं उत्पन्न म्हणूनच दाखवलं.

आणि ऑटो ॲड्स, म्हणजे जाहिराती कुठं लावायच्या हे गुगलवरच सोडायची सोय, डोळे झाकून चालू करू नका. पहिल्या आठवड्यात माझ्याच उताऱ्याच्या लेखात परिच्छेदापरिच्छेदाला जाहिरात, खाली चिकटलेली एक पट्टी, आणि दुसऱ्या पानावर जाताना अख्खा पडदा झाकणारी एक. साठीतल्या माणसाला बंद करायची फुली सापडत नाही. त्याहून वाईट म्हणजे जमिनीच्या कागदाशेजारी ‘पाच मिनिटांत कर्ज’. वाटणीच्या भांडणात अडकलेला माणूस ते वाचत असतो, हो! पूर्ण पडद्याची जाहिरात सेटिंगमधून बंद होते, कर्जासारखे प्रकार वगळताही येतात. मी दोन्ही केलं. उत्पन्न उतरलं, ते चालेल. स्वतःच्या जाहिरातीवर टिचकी मारायची नाही आणि मित्रांना मारायला सांगायचं नाही, हे नियमात स्पष्ट आहे. तरी गावातली पोरं प्रेमानं विचारतात, “दादा, दाबू का रोज?” नको रे बाबा, खातं जाईल.

ॲफिलिएटबद्दल, म्हणजे दुसऱ्याचा माल दाखवून विक्रीवर दलाली मिळवण्याबद्दल, लिहिण्यासारखं थोडंच. ॲमेझॉनवर पहिल्या 180 दिवसांत तीन विक्र्या व्हाव्या लागतात, नाहीतर खातं बंद. यात्रेला जाणाऱ्यांसाठी टॉर्च आणि पाठीवरच्या पिशव्या दाखवल्या, पण उतारा वाचायला आलेला माणूस पिशवी घेत नाही.

घरात येणारा पैसा आला तो दुसरीकडून. रस्त्यापलीकडच्या मंगल कार्यालयाच्या मालकांनी विचारलं, तुमच्या त्या साइटवर आमचं नाव लागेल का? कॅलेंडरवर जशी वर्षाची जाहिरात घेतो तशीच ठरवली, बिलबुकावर पावती फाडली. मग ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान, मग एक क्लास. तीन जाहिराती, तिन्ही मीच डिझाइन केलेल्या, आणि वर्षाचं होस्टिंग, डोमेन, इंटरनेट भागून हातात काही उरतं. जोडीला युनिकोडचं काम आलं. स्मरणिकांचा मजकूर वेबसाठी नव्यानं टाइप करून द्या, दुकानाची मराठी माहिती लिहून द्या. हे लोक लेख वाचूनच छापखान्यात आले. जाहिरात कंपन्यांच्या डॉलरपेक्षा या कामाचा रोजचा आधार मोठा आहे, आणि ते पैसे यूपीआयनं त्याच दिवशी येतात.

चोरी होते, हे धरूनच चालायचं. चिंचलीचा लेख नाव कापून व्हॉट्सॲपवर फिरतो, मलाच कुणीतरी पाठवतो, वर ‘महत्त्वाची माहिती’ असं लिहून. त्यावर इलाज नाही. दुसऱ्या साइटनं अख्खा लेख उचलला तर गुगलकडं कॉपीराइटची तक्रार करता येते, त्यासाठी लेख कधी टाकला याची नोंद ठेवा. तक्त्याच्या चित्रावर मात्र मी कोपऱ्यात नाव आणि नंबर टाकतो. ते चित्र चोरीला गेलं की फोन वाढतात, तेव्हा त्याला चोरी म्हणावं का, हेच कळेनासं झालंय.

कुणी सुरू करावं? ज्याच्याकडं आधीच एखादं दुकान, व्यवसाय किंवा कौशल्य आहे आणि लोकांना लागेल अशी माहिती आहे, त्यानं जरूर. फक्त जाहिरातींच्या भरवशावर नोकरी सोडणाऱ्यानं आधी वर्षभर संध्याकाळी करून बघावं. गुगल आता बऱ्याच प्रश्नांना वरच तयार उत्तर दाखवतं, त्यामुळं साध्या माहितीच्या लेखांवर येणारे वाचक कमी होतात. माझ्या यात्रांच्या लेखांवर ते जाणवतं, उताऱ्याच्या लेखावर अजून नाही, कारण तिथं माणसाला स्वतःचा कागद समोर धरून रकाना-रकाना तपासायचा असतो.

सध्या 11ई नकाशावरचा लेख अर्धवट आहे. सर्व्हे नंबरातला तुकडा विकायचा तर तो नकाशा लागतो, आणि फोनवर सगळ्यात जास्त घोळ त्याचाच. एका सर्व्हेअरनं दसऱ्यानंतर बसून समजावून द्यायचं कबूल केलंय. तोवर तक्त्यातले रकाने मोबाइलवर बाहेर पळतात, ते दुरुस्त करतोय.