फ्युएल सेलचा टेम्पो: हवेने थंड करायचा की पाण्याने?

उद्यमबागेतल्या वर्कशॉपमध्ये किंवा बेळगावातल्या एखाद्या कॉलेजात हायड्रोजन फ्युएल सेलची (हायड्रोजन आणि हवेतल्या ऑक्सिजनपासून वीज बनवणाऱ्या सेलची) गाडी बांधायचं मनात असेल, तर स्टॅकची, म्हणजे एकावर एक रचलेल्या सेलच्या गठ्ठ्याची, ऑर्डर देण्याआधी तो थंड कसा करणार हे ठरवा. डिझेल इंजिनाची बरीच उष्णता सायलेन्सरमधून निघून जाते. फ्युएल सेलचा एक्झॉस्ट कोमट असतो, त्यामुळे जवळजवळ सगळा भार कूलिंगवरच येतो. त्यात स्टॅक चालतो 60 ते 80 अंशांत. अथणीकडे उन्हाळ्यात पारा चाळिशीला टेकला की उष्णता बाहेर टाकायला जेमतेम 30 अंशांचा फरक उरतो. इंजिनाला तोच 50-60 मिळतो.

हवेवरचा स्टॅक रचनेला अगदी सुटसुटीत. पंखे जी हवा ओढतात तीच ऑक्सिजन पुरवते आणि तीच थंडही करते. पंप नाही, होज नाही, गळती नाही. सुझुकीच्या बर्गमन फ्युएल सेल स्कूटरमध्ये हीच पद्धत होती आणि 2011 मध्ये तिला युरोपात मान्यताही मिळाली. एक-दोन किलोवॉटच्या दुचाकीसाठी मी डोळे मिटून हेच घेईन.

टेम्पोला मात्र नाही. दोन कामं एकाच हवेवर टाकली की ती एकमेकांच्या आड येतात. स्टॅक तापला म्हणून पंखे वाढवले की एप्रिलच्या कोरड्या वाऱ्यात मेम्ब्रेन, म्हणजे सेलमधला ओलसर राहावा लागणारा पातळ पडदा, सुकतं. सुकलं की रोध वाढतो आणि स्टॅक आणखी तापतो. खानापूरकडची तांबडी धूळही थेट सेलच्या बारीक वाटांत शिरणार. ती अडवायला जाड फिल्टर लावला तर पंखे दमतात.

हिशेब करून बघा. 10 किलोवॉट वीज काढताना साधारण तितकीच उष्णता निघते. हवा 15 अंशांनी तापू दिली तर सेकंदाला 600 लिटरहून जास्त हवा लागते. पाणी 10 अंशांनी तापू दिलं तर मिनिटाला 14-15 लिटर पुरतं. शेवटी रेडिएटरलाही तेवढीच हवा लागते हे खरं, पण तो जागा असेल तिथे मोठा बसवता येतो आणि धूळ बसली तर धुता येतो. मोटारींमध्ये, 2014 च्या टोयोटा मिराईपासून, पाण्याचीच पद्धत दिसते ती उगाच नाही.

पाण्याची खरी डोकेदुखी शुद्धतेची. कूलंट विजेच्या दाबाखालच्या प्लेटांना लागूनच वाहतो, म्हणून तो वीजवाहक असून चालत नाही. बोअरचं पाणी नको, गॅरेजमधला हिरवा कूलंटही नको, कारण त्यातली गंजरोधक रसायनंच वीज वाहतात. आपल्याकडे गोठण्याची भीती नाही, तेव्हा स्टॅक बनवणाऱ्याची हरकत नसेल तर डीएम (क्षार काढलेल्या) पाण्यावर भागतं. नवा ॲल्युमिनियम रेडिएटर आधी डीएम पाण्याने पुन्हा पुन्हा धुवा आणि बाहेर येणारं पाणी मीटरवर तपासा. वाहकता सेंटिमीटरला 5 मायक्रोसिमेन्सच्या खाली राहिली पाहिजे. सर्किटमध्ये पाण्यात उतरणारे क्षार धरून ठेवणारा आयन फिल्टर हवाच, आणि तो ठरावीक काळाने बदलावा लागतो. तो खर्च आधीच धरा.

सेलमध्येच पाणी सोडून त्याची वाफ करणारी तिसरी पद्धतही आहे. पहिल्या गाडीला तिच्या वाटेला जाऊ नका.

दोन ते पाच किलोवॉटच्या मधलं काही बांधणार असाल, तर रस्ता बघून ठरवा. शहरातल्या शहरात हलका माल असेल तर हवा चालेल. गोव्याहून चोर्ला घाट चढून यायचं असेल तर पाणीच घ्या, आणि रेडिएटर सपाटीच्या वेगावर न बेतता भरल्या गाडीच्या चढावरच्या वेगावर बेता, कारण तिथे भार पूर्ण असतो आणि समोरून येणारा वारा जवळजवळ नसतोच.