खाडीत चालणारा मेटल डिटेक्टर म्हणून 49,660 रुपये गेले, तुमचे जाऊ देऊ नका

आकडा आधीच सांगून टाकतो, कारण नातेवाइकांत मी अजून ‘पंधरा-वीस हजारांना गंडलो’ असंच सांगतोय. खरा आकडा फक्त बायकोला माहीत आहे आणि ती तो दिवसातून एकदा तरी ऐकवते.

‘अंडरवॉटर मेटल डिटेक्टर, खाऱ्या पाण्यात चालतो, सोनं वेगळं दाखवतो.’ गणपती झाले आणि या जाहिराती माझ्या मोबाइलवर सुरू झाल्या. हसणाऱ्यांसाठी आधीच सांगतो, मी कुठल्या खजिन्याच्या मागे लागलो नव्हतो. पाच दिवसांच्या गणपतीच्या विसर्जनात धाकट्या मेहुण्याचा दोन तोळ्यांचा गोफ खाडीत पडला. जागा माहीत होती, घाटाची कितवी पायरी तेही माहीत होतं. सोन्याचा भाव तोळ्याला लाखाच्या वर गेलेला. दोन लाखांच्या वस्तूसाठी साडेचौतीस हजारांचं मशीन घ्यायचं, काम झालं की विकून टाकायचं, हा हिशेब तुमच्यापैकी कुणीही केला असता. बरं, दरवर्षी घाटावर कुणाची ना कुणाची अंगठी पडते, ती शोधून दिली तर हजार-दोन हजार सुटतील, असंही मनात आलं होतं. त्यात गैर काय आहे?

मी डोळे मिटून पैसे दिले असं समजू नका. घ्यायच्या आधी वाचलं होतं. खारं पाणी वीज वाहून नेतं, त्यामुळे एकाच फ्रीक्वेन्सीवर चालणारं साधं व्हीएलएफ (अगदी कमी फ्रीक्वेन्सीचं) मशीन खाडीत घातलं की धातू नसतानाही ओरडत सुटतं. खाऱ्या पाण्यात एक तर मल्टी-फ्रीक्वेन्सी (एकाच वेळी अनेक फ्रीक्वेन्सींवर चालणारं) लागतं, नाही तर पल्स इंडक्शन (विजेचे ठोके सोडून धातू ओळखणारं). पल्स इंडक्शनला मिठाचा त्रास कमी, पण त्याला लोखंड आणि सोनं यातला फरक नीट कळत नाही. आणि आपल्या खाडीच्या गाळात खिळे, तारा, पत्र्याचे डबे काय कमी आहेत? म्हणून मी जाहिरातवाल्या विक्रेत्याला सरळ विचारलं, मल्टी आहे का? तो म्हणाला, “साहेब, नॉबवरच लिहिलंय.” खरंच लिहिलेलं होतं.

आधी त्याने मला अँटेनावालं मशीन खपवायचा प्रयत्न केला. दोन दांड्या हातात धरायच्या आणि त्या पाचशे मीटरवरचं सोनं दाखवतात म्हणे. ते मी तिथल्या तिथे उडवून लावलं. अशाच दांडीवाल्या एडीई 651 नावाच्या खेळण्याला बॉम्बशोधक म्हणून इराकला विकणाऱ्या इंग्रज व्यापाऱ्याला 2013 मध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली, हे मला माहीत होतं. त्यालाही ऐकवलं. तो हसला, म्हणाला, “साहेब, तुम्ही अभ्यासू आहात, तुम्हाला खरं मशीन दाखवतो.” त्या एका वाक्याने मी सैल पडलो.

बुकिंगचे 5,000 यूपीआयने दिले. पैसे पाठवताना समोर जे नाव आलं ते दुकानाचं नव्हतं. विचारल्यावर, “पार्टनरचं खातं आहे.” (पार्टनरचं खातं म्हटलं की तिथेच थांबा. तिथेच!)

डेमो ठाण्याजवळ विटाव्याच्या पुढे, खाडीकाठी. आता तो क्षण, जो आठवला की अजून झोप उडते. त्याने गाडीतून प्लॅस्टिकची बादली काढली, सोबत पिण्याच्या पाण्याचा वीस लिटरचा जार. बादलीत पाणी ओतलं, पाच रुपयांचं नाणं टाकलं, कॉइल (धातू शोधणारी खालची तबकडी) बुडवली. टूं. नाणं काढलं, शांत. परत टाकलं, टूं. माझ्याबरोबर आमच्या शेजारचे कोळी काका आले होते, जन्म खाडीत गेलेला माणूस. ते म्हणाले, “अरं, येवरी खारी समोर हाय नं, तिचाच पानी घे नं!” त्यावर हा पठ्ठ्या म्हणतो, “काका, नवा पीस आहे. गिऱ्हाइकाला द्यायच्या आधी खारं पाणी लावत नाही आम्ही.”

पाण्याखाली चालणारं मशीन आणि त्याला पाणी लावायचं नाही! हे वाक्य मी स्वतःच्या कानांनी ऐकलं आणि मान डोलावली. वर मनात म्हटलं, माणूस वस्तू जपतोय. काका माझ्याकडे बघत होते, मी त्यांच्याकडे बघितलं नाही. पण माझीही बाजू ऐका. ऊन मी म्हणत होतं, भरती लागली होती, काठावर पाय ठेवायला जागा राहिली नव्हती, खोक्यावर होलोग्राम होता, हातात जीएसटीचं बिल होतं. बादलीत मशीन वाजतही होतं. आणखी काय तपासायचं माणसाने? उरलेले 29,500 तिथेच दिले.

ते बिल आता रोज बघतो. पत्ता नवी मुंबईतल्या तुर्भ्याचा, जीएसटी क्रमांक 07 ने सुरू होणारा. महाराष्ट्राचा कोड 27, दिल्लीचा 07. जीएसटीच्या पोर्टलवर क्रमांक टाकला की मालकाचं नाव फुकटात दिसतं. मी टाकला तेव्हा दिल्लीतलं कपड्यांचं दुकान निघालं. पण टाकला तो पैसे गेल्यावर. बिल हातात पडलं की तिथेच उभ्या उभ्या क्रमांक टाका, समोरच्याला राग आला तर येऊ दे.

ओहोटी बघून घाटावर गेलो. कॉइल पाण्याला टेकली मात्र, जे किंचाळायला लागलं ते थांबेचना. गाळावर, पाण्यावर, नुसत्या लाटेवर. घाटावरची पोरं जमली, मोबाइल काढून शूट करायला लागली. फोन केला तर म्हणाला, सॉल्टवॉटर मॉड्यूल वेगळं लावावं लागतं, 12,800. मी चिडलो, भांडलो, आणि दिले. कारण 34,500 तोवर गेलेले होते आणि ते बुडू द्यायचे नव्हते. कळतं हो, असंच अडकवतात. पण त्या वेळी पैसे माझे अडकले होते, तुमचे नाही.

मॉड्यूल म्हणजे आगपेटीएवढी काळी डबी. ती लावून पुन्हा उतरलो, गुडघाभर पाण्यात मशीन बंद पडलं. घरी येऊन चार स्क्रू काढले. झाकणाला रबराची गास्केटच नाही. आत ओली झालेली नऊ व्होल्टची बॅटरी, गरम गोंदाने चिकटवलेली. ‘मल्टी’ लिहिलेल्या नॉबच्या मागे एकही वायर नव्हती, नुसता फिरत होता. मॉड्यूलच्या डबीत वजनासाठी एक वॉशर. बाहेरचं स्टिकर नखाने सोललं तर खाली दुसरं स्टिकर निघालं, त्यावर हातात बादली घेतलेल्या लहान मुलाचं चित्र. किनाऱ्यावर खेळायचं खेळणं होतं ते.

घेणारच असाल तर विक्रेत्याला एवढंच विचारा: कॉइल वॉटरप्रूफ आहे की कंट्रोल बॉक्ससुद्धा? बऱ्याच मशीनची फक्त कॉइल भिजलेली चालते. बॉक्सवर आयपी 68 (पाणी आणि धूळ आत न शिरण्याचा दर्जा) आणि किती मीटरपर्यंत, हे लिहिलेलं हवं. आयपी 54 म्हणजे शिंतोड्यांपुरतं. ब्लूटूथ हेडफोन पाण्याखाली उपयोगाचा नाही, तिथे वायरचा वॉटरप्रूफच लागतो. ‘तीन मीटर खोल सोनं दाखवतो’ म्हणणाऱ्याला हाकलून द्या. चांगल्या मशीनलाही नाण्याएवढी वस्तू वीतभर, फार तर फूटभर खोलीपर्यंत सापडते. आणि जे मला कुणीच सांगितलं नाही ते म्हणजे बारीक कड्यांची साखळी किंवा गोफ हे भल्याभल्या मशीनना अवघड जातं, कारण त्यांना अखंड सोनं दिसत नाही, सुटी सुटी बारीक कडी दिसतात. म्हणजे खरं मशीन घेतलं असतं तरी कदाचित... जाऊ दे.

पैसे परत मागितले तेव्हा तो चक्क हो म्हणाला. फक्त ‘रिफंड प्रोसेसिंग’चे 2,360 भरा. दोन हजार आणि त्यावर अठरा टक्के जीएसटी. फसवणुकीवरही जीएसटी! भरले. त्यानंतर नंबर बंद.

आता सरकारी यंत्रणेची मजा ऐका. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लागला, तक्रार नोंदवली, क्रमांक मिळाला. पुढे कळलं, ज्या खात्यात माझे पैसे गेले त्यात 186 रुपये शिल्लक होते, ते गोठवलेत. बँक म्हणते, पिन तुम्हीच टाकलात, आम्ही काय करणार? सायबरवाले म्हणतात, वस्तू हातात मिळाली ना, मग हे सायबर कसलं, पोलीस ठाण्यात जा. ठाणे शहराच्या बाजूच्या पोलीस ठाण्यात गेलो, तर डेमोची जागा विचारली. विटाव्याच्या पुढे म्हटल्यावर, म्हणजे दिघ्याकडे, ती नवी मुंबई, तिकडे जा. तिकडे गेलो, तर म्हणाले, दिघ्याच्या अलीकडे म्हणजे ठाणे शहरच, आणि राहता तुम्ही ठाण्यात. मी नकाशा काढून दाखवला. साहेब नकाशाकडे न बघता म्हणाले, “गुप्तधन काढायला निघाला होता काय? जादूटोण्याच्या कायद्यात तुम्हालाच घेऊ.” मागे बसलेले दोघे हसले. मेहुण्याचा गोफ विसर्जनात पडला हे मी तीन टेबलांवर सांगितलं आणि तिन्हीकडे माझ्याकडे चोरासारखं बघितलं गेलं. गुन्हा दखलपात्र असेल तर हद्द कुठलीही असो, झिरो एफआयआर घ्यावाच लागतो. फसवणुकीचं कलम आता भारतीय न्याय संहितेत 318 आहे. दोन्ही गोष्टी मी बोललो. उत्तर आलं, “मग वकीलच आणा ना.” अर्जावर आवक शिक्का मारून घ्या, तोंडी बोलण्याला तिथे काडीची किंमत नाही. मला शिक्का मिळवायलाच अर्धा दिवस लागला, कारण शिक्का ज्यांच्याकडे ते जेवायला गेले होते.

एक मात्र त्या साहेबांनी नकळत बरं सुचवलं. खाडीत, गाळात पुरलेली दहा रुपयांच्या वर किमतीची मौल्यवान वस्तू सापडली तर कलेक्टरला कळवायची, असा 1878 चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे. जुनी नाणी शोधायला निघणाऱ्यांनी तो वाचून ठेवा. आणि खाडीचा काही भाग फ्लेमिंगो अभयारण्यात येतो, तिथे परवानगीशिवाय शिरू नका. तिवरांत तर पाऊलही नको.

आता जिल्हा ग्राहक आयोगात जातोय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, आणि तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे विटावा की दिघा हा प्रश्न तिथे येत नाही. तोच माणूस आता वेगळ्या नावाने तेच मशीन 31,999 ला विकतोय, जाहिरातीत बादली तीच निळी आहे. ज्यांच्याकडे तुर्भ्याचा पत्ता आणि 07 ने सुरू होणारं बिल असेल त्यांनी ते फेकू नका, मशीनही उघडून फोटो काढून ठेवा. फसलेले अनेक जण मिळून एकच तक्रार करू शकतात, आणि माझ्या अर्जात नावं वाढवायला अजून जागा आहे.