वयाच्या चाळिशीत दातांना तारा: २६ महिने आणि त्यानंतरचे चार

माझे दात कुणाला वेडेवाकडे वाटले नसते. फोटोत बरे दिसायचे. भानगड तोंड मिटल्यावर होती. वरची ओळ खालच्या ओळीवर अशी बसायची की खालचे पटाशीचे दात दिसायचेच नाहीत, आणि ते टेकायचे कुठे? थेट टाळूला. वरच्या दातांच्या मागची हिरडी कायम सुजलेली. कोल्हापुरात राहून तांबडा रस्सा प्यायला की त्या जागी जी आग व्हायची, ती मी वीस वर्षं 'मला जरा तिखट सोसत नाही' या सबबीखाली लपवली.

दुसरं दुखणं उजव्या बाजूचं. वरची एक उपदाढ आत वळलेली होती. तोंड मिटताना जबडा आधी तिच्यावर अडायचा, मग थोडा सरकून जागेवर जायचा. त्यामुळे मी सगळं डावीकडेच चावायचे. हे मला माहीतसुद्धा नव्हतं, डॉक्टरांनी विचारलं, "शेंगदाणे कुठल्या बाजूला खाता?" आणि मी हसले, कारण उत्तर लगेच आलं. संध्याकाळी डावी कानशिलं दुखायची. आठ तास वर्गात बोलल्याने दुखतात, अशी माझी समजूत होती.

तारा मुलांना लावतात, चाळिशीत कशाला, हा प्रश्न घरात सगळ्यांनी विचारला. सासूबाई म्हणाल्या, "आता लग्न थोडंच जमवायचंय?" पण डॉक्टरांनी आरसा धरून टाळूवरचे वण दाखवले आणि खालच्या दातांच्या कडा झिजून सपाट झाल्या होत्या त्याही दाखवल्या. वय आडवं येत नाही, हिरड्या आणि हाड धड हवं, असं त्या म्हणाल्या. दाताच्या मुळाभोवती तंतूंचा पातळ थर असतो. तारेचा दाब ज्या बाजूला पडतो तिथलं हाड विरघळतं, मागे ओढ बसते तिथे नवं भरतं, आणि दात महिन्याला फार तर मिलिमीटरभर सरकतो. हे सगळं मोठ्या वयातही चालतं, फक्त थोडं सावकाश.

ओपीजी, म्हणजे सगळे दात आणि जबडे एकत्र दाखवणारा एक्स-रे, झाला, बाजूने काढतात तो एक्स-रे झाला, तोंडात गुलाबी लगदा भरून साचा घेतला. निदान: क्लास टू, डिव्हिजन टू, म्हणजे खालच्या दाढा वरच्यांच्या मानाने मागे आणि वरचे पुढचे दात आत झुकलेले. ही वर्गवारी एडवर्ड अँगल नावाच्या अमेरिकन दंतवैद्याने १८९९ मध्ये केली. वरच्या-खालच्या पहिल्या मोठ्या दाढा एकमेकींवर कशा बसतात यावरून ती ठरते. वरचे दात खालच्यांना २ ते ४ मिलिमीटर झाकतात ते ठीक. माझे ८ झाकत होते.

एक गोष्ट डॉक्टरांनी सुरुवातीलाच स्पष्ट सांगितली, आणि त्यासाठी मी त्यांना पैकीच्या पैकी गुण देते. तोंड मोठं उघडताना माझ्या उजव्या कानापाशी 'कट्ट' असा आवाज येतो. तो तारांनी जाईल असं मी धरून चालले होते. त्या म्हणाल्या, "चावा, म्हणजे वरचे-खालचे दात एकमेकांवर बसतात ती बैठक, सुधारेल, टाळूचं दुखणं थांबेल. आवाजाची हमी मी देत नाही, आणि कुणी दिली तर विश्वास ठेवू नका."

पहिले दोन महिने फक्त वरच्या दातांना तारा होत्या. खाली ब्रॅकेट, म्हणजे तार अडकवायची दातावरची छोटी खाच, चिकटवायला जागाच नव्हती. तोंड मिटलं की वरचे दात ते तोडून टाकतील. आधी आत झुकलेले वरचे दात बाहेर आणले, मग त्यांच्या मागे सिमेंटचे दोन निळे ठोकळे बसवले. खालचे दात टाळूऐवजी त्या ठोकळ्यांवर टेकायचे, आणि मागच्या दाढा एकमेकींना लागायच्याच नाहीत. या उघड्या जागेत दाढा हळूहळू वर येतात आणि पुढचा खोल चावा उघडतो, अशी ही युक्ती.

युक्ती चांगली, पण जेवायचं कसं? दाढा भेटतच नसतील तर चावणार कशाने? सहा आठवडे मऊभात, पातळ आमटी, उपीट, ताकात भिजवलेली भाकरी. वजन चार किलो उतरलं. आणि बोलणं! ठोकळ्यांना जीभ अडायची. 'चमचा', 'जहाज', 'चाक' यांतला दंत्य च-ज नीट उमटेना, 'चंद्र' मात्र ठीक यायचा. सातवीच्या वर्गात मी 'जहाज' म्हटलं आणि मागच्या बाकावरून कुणीतरी तस्संच म्हणून दाखवलं. तीन आठवड्यांनी जीभ सरावली. त्याच वर्गातल्या एका मुलीला क्लिपा होत्या. तिने मला डब्यातून मेण आणून दिलं, "बाई, टोचतं तिथं लावा." गालाच्या आतल्या जखमांवर तिचा सल्ला डॉक्टरांच्या कागदाइतकाच कामाला आला.

पहिली तार निकेल-टायटॅनियमची होती. अमेरिकन नौदलाच्या प्रयोगशाळेत सापडलेला हा मिश्रधातू १९७० च्या दशकात दातांपर्यंत पोचला. माझी तार उष्णतेला प्रतिसाद देणारी होती: गार पाण्याची गुळणी केली की ओढ सैल, गरम चहा घेतला की परत आवळलेली. विज्ञान शिकवणारीला याहून चांगला प्रयोग कुठे मिळणार! दर महिन्याला तार बदलली की तीन दिवस दात ठणकायचे, केळंसुद्धा नकोसं व्हायचं. पॅरासिटामॉल चालते, आयब्युप्रोफेनने दात सरकणं मंदावू शकतं म्हणून ती टाळायला सांगितली होती.

हळदीबद्दल कुणीच सावध केलं नव्हतं. तार ब्रॅकेटला धरून ठेवणारी बारीक रबरं असतात, ती मी हौसेने पारदर्शक निवडली आणि पहिल्याच वरणभाताला ती पिवळीधमक झाली. पुढच्या खेपेपासून राखाडी.

आता मधल्या काळाबद्दल, कारण तो कुणी सांगत नाही. साधारण आठव्या ते बाराव्या महिन्यात माझा चावा आधीपेक्षा वाईट झाला होता. जुनी बैठक मोडली होती आणि नवी जमली नव्हती. रोज सकाळी दात वेगळ्याच ठिकाणी भेटायचे. मेथीची भाजी तारांत अडकायची पण चावली जायची नाही. त्या वेळी तुम्ही मला विचारलं असतं, तर मी 'नका लावू' असंच सांगितलं असतं.

तेराव्या महिन्यात रबर बँड आले. वरच्या सुळ्यापासून खालच्या मोठ्या दाढेपर्यंत पाव इंची रबर, दोन्ही बाजूंना; आणि त्या आत वळलेल्या उपदाढेला आडवं एक. जेवण आणि ब्रश सोडून दिवसभर. खरं काम या रबरांनी केलं, असं माझं मत. दिवाळीत पाहुण्यांसमोर नको म्हणून मी नऊ दिवस लावली नाहीत. पुढच्या भेटीत डॉक्टरांनी तोंडात पट्टी धरली आणि विचारलं, "किती दिवस?" खोटं बोलायची सोयच नाही. शिवाय तीनदा ब्रॅकेट निघालं: एकदा चिक्कीने, एकदा संक्रांतीच्या कडक तिळाच्या लाडवाने, एकदा पेरूने. दर वेळी काम रेंगाळलं. दोन वर्षं सांगितली होती, २६ महिने लागले. त्यातली चूक बरीचशी माझी.

सोळाव्या महिन्यात एका रविवारी मटण जेवताना लक्षात आलं की मी उजवीकडे चावतेय. ठरवून नाही, आपोआप. घास दोन्ही बाजूंना फिरत होता. जबडा मिटताना होणारी ती अडखळ गेली होती. डॉक्टर दातांमध्ये निळा कार्बन कागद ठेवून चावायला लावतात. पहिल्या भेटीत माझ्या दाढांवर मोजून चार-पाच ठिपके उमटले होते, तेही जवळजवळ सगळे डावीकडे. शेवटच्या भेटीत दोन्ही बाजूंना दाढांवर सारखे ठिपके पसरलेले. कितीही फोटो काढले तरी एवढा बोलका पुरावा मिळाला नसता.

आजची स्थिती: टाळूची जखम पूर्ण भरली. वरचे दात आता खालच्यांना ३ मिलिमीटर झाकतात. तांबडा रस्सा वाटीने पिते. दोरा दाताने तुटतो, आधी तो दातांच्या मागे निसटायचा. घास गिळायला वेळ कमी लागतो, आणि जेवणानंतर पोट जड वाटायचं ते कमी झालंय. कानशिलं दुखणं जवळजवळ थांबलं, पण त्याचं सगळं श्रेय तारांना देणार नाही. मला दिवसा दात आवळून ठेवायची सवय होती, वह्या तपासताना तर हमखास. ओठ मिटलेले आणि दात सुटे, ही जबड्याची विश्रांतीची बैठक डॉक्टरांनी शिकवली, आणि टेबलावर चिठ्ठी लावून मी ती घोटली. आणि तो 'कट्ट' आवाज? आहे तसाच आहे. दुखत नाही, म्हणून आम्ही त्याच्या वाटेला जात नाही.

तोटेही लिहिते. दोन सुळ्यांवर ब्रॅकेटच्या कडेने पांढरट डाग राहिलेत. ब्रश करताना कंटाळा केला त्याची ती खूण. खर्च ५५ हजार, हप्त्यांत, एक्स-रे वेगळे. पारदर्शक अलाइनरची, म्हणजे तारांऐवजी दातांवर चढवायच्या काढत्या-घालत्या साच्यांची, चौकशी केली होती, पण आकडा दोन लाखांच्या पुढे गेल्यावर तो विषय मी घरी काढलाच नाही. नोकरी बोलण्याची असेल, तर सुरुवात मे महिन्याच्या सुट्टीत करा. मी जूनमध्ये केली आणि पस्तावले.

तारा निघाल्या त्या दिवशी जीभ दातांवरून फिरतच राहिली, सगळं बुळबुळीत गुळगुळीत. पण सुटका नाही. खालच्या सहा दातांच्या मागे बारीक तार कायमची चिकटवलीय, आणि वर रात्री पारदर्शक रिटेनर. तो लावला नाही तर दात जुन्या जागेकडे सरकतात. मी तीन रात्री विसरले तर चौथ्या रात्री तो घट्ट लागला. गेल्या महिन्यात पुण्याला लग्नाला गेले होते. नाश्त्याआधी रिटेनर काढून कागदी रुमालात गुंडाळला, ताटाशेजारी ठेवला, आणि वाढपी ताटासकट घेऊन गेला. मांडवामागच्या पिंपात हात घालून शोधायची तयारी होती, नवऱ्याने ओढून आणलं. नव्याचे अडीच हजार गेले. आता डबी पर्समध्ये, आणि पर्स मांडीवर.