जुन्या पिकअपचा रेडिएटर सपोर्ट: पत्रा वळवून करावा, चौकोनी पाईपचा करावा, की भंगारातून आणावा?

खानापूर-जांबोटीच्या पावसात वर्षानुवर्षे उघड्यावर उभ्या राहिलेल्या पिकअपचे बोनेट उघडले की पहिला गंज बॅटरीच्या खाली दिसतो. ॲसिड आणि पाणी तेथे एकत्र उतरते आणि स्क्रूड्रायव्हरचे टोक जरा दाबले तरी पत्र्याचे पापुद्रे हातात येतात. हा पत्रा म्हणजे रेडिएटर सपोर्ट. स्वतंत्र चॅसिस असलेल्या जुन्या पिकअपमध्ये तो रबर बुशवर बसतो आणि रेडिएटरच नव्हे, तर दोन्ही मडगार्ड, पुढचा शो (दर्शनी जाळी), दिवे आणि बोनेटचे कुलूप यांनाही जागेवर धरून ठेवतो. अमेरिकेत १९६७ ते १९७२ च्या शेवरोले सी-१० साठी हा भाग आजही नव्याने तयार होऊन विकला जातो. आपल्याकडच्या बहुतेक जुन्या पिकअपच्या बाबतीत तशी सोय नसल्यामुळे निर्णय मालकालाच घ्यावा लागतो.

गंज केवळ बॅटरीच्या ट्रेपुरता असेल आणि खालची आडवी पट्टी व दोन्ही बुशांच्या जागा ठणठणीत असतील, तर ठिगळ पुरेसे आहे आणि पुढचा खर्च अनावश्यक आहे. मात्र खालची पट्टीच पोखरली असेल, तर ठिगळाला टाका धरण्यासाठी चांगला पत्राच उरत नाही.

कोल्हापूर किंवा हुबळीच्या भंगारातून भाग आणणे वरवर सर्वांत सोपे वाटते. अडचण अशी की समोरून झालेल्या अपघातात हा भाग सहज वाकतो, त्यामुळे भंगारात मिळणारा सपोर्ट अनेकदा एकदा ठोकून सरळ केलेला असतो. टेप लावून दोन्ही कर्ण मोजावेत. चौकटीच्या समोरासमोरच्या बाजू मुळात समान असूनही कर्णांत ५ मिमीहून अधिक फरक आला, तर मी तो भाग घेणार नाही.

चौकोनी पाईपची चौकट मी स्वतः करून घेतली होती, म्हणून तिच्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. २५ × २५ × २ मिमीचा पाईप मीटरला सुमारे १.४ किलो भरतो, कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो आणि वेल्डर एका दिवसात काम उरकतो. माझ्या बाबतीत कारागिराने जुना भाग आधीच कापून टाकला आणि केवळ मापांवर चौकट जोडली. रॉडच्या वेल्डिंगच्या उष्णतेने ती ओढली गेली आणि बोनेटचे कुलूप सुमारे बोटभर सरकले. रेडिएटर रबराशिवाय थेट चौकटीला आवळल्याने उसाच्या गाडीवाटांवरचे धक्के पितळी टाकीच्या डाखापर्यंत पोहोचले आणि एका हंगामात डाख सुटला. या दोन्ही चुका कारागिराच्या म्हणता येतील, पण तिसरा दोष पाईपच्या रचनेतलाच आहे: मूळ पत्रा रेडिएटरच्या बाजूच्या फटी बंद करतो, त्यामुळे पंख्याने ओढलेली हवा जाळीतूनच येते. उघड्या चौकटीत ती बाजूने निसटते, आणि गोव्याहून परतताना चोर्ला घाटाच्या चढावर तापमानाचा काटा ते लगेच दाखवतो. शिवाय बोल्ट आवळला की पाईप चेपतो, म्हणून प्रत्येक छिद्रात आतून नळी बसवावी लागते.

पत्रा वळवून केलेला सपोर्ट वेळखाऊ असला तरी माझा कौल त्यालाच आहे. बेळगावच्या उद्यमबागेत कटिंग आणि बेंडिंग दोन्ही जॉबवर्कने होतात. १.६ मिमीचा, म्हणजे १६ गेजचा सीआर (कोल्ड रोल्ड, म्हणजे थंड लाटलेला) पत्रा घ्यावा. तो चौरस मीटरला सुमारे १२.५ किलो भरतो. गॅल्वनाइज्ड पत्रा गंजाला टिकतो खरा, पण वेल्डिंग करताना जस्ताचा धूर निघतो आणि तो ज्वर आणतो, म्हणून टाक्याच्या जागेवरचे जस्त आधी घासून काढणे भाग पडते. बेंडिंगला देताना बाहेरच्या मापांची नुसती बेरीज देऊ नये. या जाडीत आतली त्रिज्याही १.६ मिमी धरली, तर प्रत्येक काटकोनी वळणामागे सुमारे ३ मिमी वजा करावे लागतात. चार वळणांत हा फरक १२ मिमी होतो आणि मडगार्डची छिद्रे जुळत नाहीत. मूळ स्पॉट वेल्डच्या (कारखान्यातल्या ठिपक्यासारख्या जोडांच्या) जागी ८ मिमीची छिद्रे पाडून ती सीओटू (तार आणि वायूच्या) वेल्डिंगने भरावीत. रॉडच्या वेल्डिंगने इतका पातळ पत्रा जळतो.

मूळ स्वरूप राखण्याचा आणखी एक उपयोग आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या खासगी वाहनाची विंटेज म्हणून नोंद करायची असेल, तर चॅसिस, बॉडी आणि इंजिनात मोठा बदल झालेला चालत नाही. व्यापारी नोंदणीच्या मालवाहू गाडीला मात्र ही सवलत लागू नाही.

गाडी फक्त शेतातून गोठ्यापर्यंत फिरणार असेल, तर रबर बुश, बाजूचे पत्रे आणि छिद्रांतल्या नळ्या या तीन अटींवर पाईपची चौकट चालेल. रस्त्यावर आणि घाटात चालवायची असेल, तर पत्राच घ्यावा. कर्ण जुळणारा भंगारातला भाग हाती लागला, तर तो त्याहूनही बरा. पर्याय कोणताही निवडला, तरी जुना भाग गाडीवर असतानाच त्याच्या छिद्रांचा प्लायवूडवर फर्मा काढावा आणि नवा भाग बसून बोनेट बंद होईपर्यंत जुना फेकू नये. कारागिराशी आधीच ठरवावे की प्रथम केवळ टाके मारले जातील, मग गाडीवर बसवून पाहिले जाईल आणि त्यानंतरच पूर्ण वेल्डिंग होईल. गाडीवर टाके मारण्यापूर्वी बॅटरीच्या तारा काढाव्यात आणि रेडिएटर उतरवून दूर ठेवावा. खोबणी बंद करण्याआधी आतून प्रायमर द्यावा आणि खालच्या पट्टीत सर्वांत खोल जागी १० मिमीची दोन छिद्रे ठेवावीत, म्हणजे बॅटरीखाली उतरलेले पाणी तेथे साचून राहणार नाही.