स्वतःचं तूप, बेकरीची भट्टी

दिवाळीच्या फराळात आमच्या घरी कामाची वाटणी ठरलेली आहे. चकली, करंजी, अनारसे हे बायकोचं खातं. त्यात मी तोंड घातलं की झाऱ्यानेच उत्तर मिळतं. नानकटाई माझ्याकडे. म्हणजे मी ती करतो असं नाही, करून आणतो. पीठ, तूप, साखर पिशवीत भरायची, बेकरीत न्यायची, समोर उभं राहून मळून-भाजून घ्यायची आणि डबे भरून घरी यायचं. लालबाग-परळच्या जुन्या लोकांना यात नवीन काही नाही. पण आमच्या टॉवरमध्ये राहायला आलेल्या शेजाऱ्यांना अशी सोय असते हेच माहीत नव्हतं. त्यांनी इतके प्रश्न विचारले की म्हटलं एकदा नीट लिहूनच टाकू.

बेकरीचं नाव लिहीत नाही. एक तर पुढे थोडं वाईटही लिहिणार आहे, आणि दुसरं म्हणजे धनत्रयोदशीच्या आधी तिथे पाय ठेवायला जागा नसते, त्यात आणखी गर्दी मला नको. मसाला गल्लीपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. पुढे पावाचा काउंटर, मागे भट्टी, मधल्या बोळात मैद्याच्या गोणी. एवढ्यावर ज्याला शोधायची त्याने शोधावी.

आधी पैशाचं बोलतो, कारण आयुष्य हिशेब लिहिण्यात गेलं. गेल्या दिवाळीला मजुरी किलोला १०० रुपये होती. यात मेख अशी की किलो कशाचा, हे कुणी आपण होऊन सांगत नाही. नवखा माणूस एक किलो मैदा घेऊन जातो आणि शंभराची नोट हातात धरून उभा राहतो. मजुरी लागते ती तयार मालावर. माझं प्रमाण असं: मैदा १ किलो, तूप ७०० ग्रॅम, पिठीसाखर ७०० ग्रॅम, बारीक रवा २०० ग्रॅम, बेसन १०० ग्रॅम. झाला २ किलो ७०० ग्रॅमचा गोळा. भाजताना थोडं पाणी उडतं, तरी अडीच किलोच्या वर नानकटाई हातात येते, म्हणजे मजुरी अडीचशेच्या पुढे. सामानाचे सव्वासहाशेच्या आसपास धरले, आणि त्यात मोठा वाटा तुपाचाच आहे, तर नानकटाई किलोला साडेतीनशेच्या आत पडते. दुकानात ‘शुद्ध तुपातली’ अशी पाटी लावलेली याच्या दुप्पट भावाने मिळते आणि त्या पाटीवर विश्वास ठेवायचा की नाही हे आपल्या हातात राहत नाही. इथे तूप माझ्या डब्यातलं असतं.

यंदा मी जरा साशंक मनानेच गेलो होतो. २०२५च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाने शहरातल्या लाकूड-कोळशावर चालणाऱ्या भट्ट्या सहा महिन्यांत गॅससारख्या इंधनावर न्यायला सांगितलं. महापालिकेच्या नोटिसा निघाल्या आणि आमच्या या बेकरीतली जुनी विटांची भट्टीही थंडावली. तिच्या जागी आता गॅसवरचा फिरता ओव्हन आहे. कपाटाएवढा उंच. नानकटाईचे पत्रे एका ट्रॉलीत एकावर एक सरकवायचे, ट्रॉली आत ढकलायची, दार लावायचं. आत ती सावकाश गोल फिरत राहते आणि काचेतून पत्रे एकामागून एक तोंड दाखवून जातात. आमच्या इथल्या जुन्या मंडळींनी लगेच सुतक धरलं. लाकडाची चव गेली म्हणे.

मला तसं वाटत नाही, आणि का ते सांगतो. त्या भट्टीत कसली लाकडं जात होती हे मी मागच्या बोळातून वर्षानुवर्षं पाहिलेलं आहे. मोडक्या खाटा, दारांच्या चौकटी, कुणाच्या तरी स्वयंपाकघरातलं जुनं कपाट. ज्या चवीची आपण आठवण काढतो तिच्यात थोडा सनमायका आणि ऑइलपेंटही होता. जुन्या भट्टीचा खरा गुण लाकडात नव्हताच, तो उतरत्या आचेत होता. पावाला भट्टी कडक तापलेली लागते. पावाची पाळी निघाली की ती हळूहळू उतरते, आणि त्या उतरलेल्या आचेत नानकटाई घालायची. विटा चहूबाजूंनी धग देतात, त्यामुळे वरून डाग न पडता ती आतपर्यंत कोरडी होते. नानकटाईला १६० ते १७० अंशांच्या आसपासची धग पुरते. पूर्वी चाचा भट्टीच्या तोंडाशी हात धरून ती ओळखायचे, आता काटा बघतात. ट्रॉली फिरत असल्यामुळे कोपऱ्यातली जास्त भाजली आणि मधली कच्ची राहिली, हा जुना रडगाणं घालण्याचा विषयच संपला. यंदाचा माल रंगाने एकसारखा आला. बुडाला किंचित धुरकट वास असायचा तो नाही, हे खरं. मला चुकल्यासारखं वाटलं नाही, बायकोला वाटलं.

चाचा म्हणजे तिथले मुख्य कारागीर. वयाने माझ्याएवढेच असतील, पण सगळे चाचा म्हणतात म्हणून मीही म्हणतो, आणि ते मला काका म्हणतात. माझ्या मते या बेकरीला जायचं ते या माणसाच्या हातासाठी. ओव्हन कोणीही आणेल. ते मोठ्या परातीत आधी फक्त तूप घेतात आणि तळहाताच्या टाचेने परातीला घासत राहतात. तूप पिवळ्याचं पांढरं होऊ लागलं की मूठमूठ पिठीसाखर. परत घासणं. एका क्षणी त्याचा आवाज बदलतो. आधी साखरेची करकर असते, मग ती मऊ पडून नुसती चपचप उरते. तेव्हा ते बोटावरचा एक थेंब वाटीतल्या पाण्यात सोडतात. साखर तुपापेक्षा पुष्कळ जड, त्यामुळे नीट फेसलं नसेल तर थेंब तळाला जातो. तरंगला म्हणजे आत हवा भरली. त्यानंतरच मैदा, आणि मैदा घातल्यावर मात्र मळणं नाही, नुसतं गोळा करणं. इथे घाईत असलेले बाकीचे कारागीर कणकेसारखं मळतात आणि मग नानकटाई दगड होते. मैदा मळला की चिवट होतोच. तुपाचा फायदा हा की त्यात पाणी जवळजवळ नसतं, म्हणून मैदा चिवटपणा कमी धरतो. लोण्यात साधारण १६ टक्के पाणी असतं. लोण्यातलं बिस्किट चविष्ट लागतं, पण तोंडात टाकल्यावर विरघळणारा खुसखुशीतपणा तुपाचाच.

तुपाबद्दल एक सूचना. दिवाळी ऑक्टोबरात आली तर मुंबईच्या उकाड्यात तूप पातळ होऊन बसतं. पातळ तूप फेसलं जात नाही आणि नानकटाई पत्र्यावर पसरून चपटी होते. “काका, घी को गर्मी लगा तो बिस्कुट बैठ जायेगा,” हे चाचांनी ऐकवल्यापासून मी तूप आदल्या रात्री फ्रिजमध्ये ठेवतो आणि निघायच्या थोडं आधी बाहेर काढतो. रवाळ, बोटाने दाबलं तर दबेल इतपत हवं.

काउंटरवरचे शेठ दरवर्षी सुचवतात की अर्धं वनस्पती घाला, आकार छान येईल. आकाराबाबत त्यांचं बरोबर आहे. वनस्पती तूप उष्णतेत उशिरा वितळतं, त्यामुळे गोळा उभा राहतो आणि वरच्या भेगा अगदी चित्रातल्यासारख्या फुटतात. वनस्पतीतल्या, हृदयाला घातक अशा ट्रान्स फॅटवरही २०२२पासून २ टक्क्यांची मर्यादा आहे, तेव्हा पूर्वीइतकी भीती बाळगायचं कारण नाही. पण चव? खाऊन झाल्यावर टाळूला जो मेणचट थर बसतो तो मला चालत नाही. आमच्या नानकटाईला भेगा कमी पडतात. पडू देत.

आता तक्रारी. पहिली मोठी आहे. मागे एकदा गर्दीत आमचे पत्रे आणि दुसऱ्या कोणाचे तरी पत्रे ट्रॉलीत एकमेकांत मिसळले. घरी आल्यावर एका डब्यातली खाल्ली, उत्तम. दुसऱ्या डब्यातली खाल्ली आणि तोच मेणचट थर. आमचं साजूक तूप कुणाच्या घरी गेलं ते त्यांनाच ठाऊक, त्यांची मात्र ती दिवाळी झकास झाली असणार. काउंटरवर विचारलं तर उत्तर आलं, “काका, सगळं सेमच असतं.” सेम कसं असेल? पावती नाही, चिठ्ठी नाही, पत्र्यावर खडूने नंबरसुद्धा नाही. एवढी वर्षं धंदा करणाऱ्यांनी दहा रुपयांचा खडू आणायला काय हरकत आहे? तेव्हापासून मी खूण म्हणून चारोळी नेतो आणि प्रत्येक नानकटाईवर स्वतःच्या हाताने दोन दोन दाबतो. सगळे एकच चारोळी किंवा बदामाचा काप लावतात, त्यामुळे आमची ट्रॉलीतूनही ओळखू येते.

दुसरी तक्रार सोड्याची. त्यांचा हात सैल आहे. सोडा जास्त पडला की रंग लवकर चढतो, माल भाजलेला दिसतो आणि ट्रॉली लवकर मोकळी होते, पण जिभेला साबणासारखी चव येते. मी सोडा आणि वेलची-जायफळाची पूड घरूनच मोजून पुडीत बांधून नेतो आणि त्यांच्या डब्याला हात लावू देत नाही. एक किलो मैद्याला सपाट अर्धा चमचा सोडा भरपूर झाला.

शेजारी विचारतात की एवढं करण्यापेक्षा घरी ओव्हन का घेत नाही. आमच्या सुनेकडे ठाण्याला २८ लिटरचा ओटीजी, म्हणजे विजेचा घरगुती ओव्हन आहे. तिच्या हातालाही नावं ठेवण्यासारखं काही नाही. नातीच्या वाढदिवसाला ती चॉकलेटच्या तुकड्यांच्या कुकीज करते, त्या कोमट असतानाच संपतात. पण अडीच किलो नानकटाई म्हणजे पंचवीस ग्रॅमची एक धरली तर शंभर नग. ओटीजीच्या ट्रेवर एका वेळी सोळा बसतात, एका खेपेला वीस मिनिटं. करा गुणाकार: सात खेपा, दोन तासांच्या वर, आणि खालची कॉइल जवळ असल्याने बुडं लाल होतात म्हणून दर खेपेला दाराशी उभं राहायचं. बेकरीत तेच शंभर नग तीन पत्र्यांत बसतात आणि सगळे एकाच वेळी बाहेर येतात. थोडं आणि ताजं हवं असेल तर ओटीजी. सासर-माहेर, शेजारीपाजारी आणि ऑफिसात वाटायला डबे भरायचे असतील तर बेकरी.

नानकटाईशिवाय तिथे गव्हाच्या पिठाची आणि नाचणीचीही बिस्किटं करून मिळतात. नाचणीची मी एकदा करून घेतली. नाचणीला स्वतःचा चिकटपणा नाही, त्यामुळे निम्मी गव्हाची कणीक घातली नाही तर डब्यात भुगा उरतो. जिऱ्याची खारी बिस्किटं मात्र नक्की करून घ्या, चहाबरोबर त्याला तोड नाही. नाताळच्या आठवड्यात लोक केकचं मिश्रण भांड्यासकट आणून देतात, तेही भाजून मिळतं. त्याचा मला अनुभव नाही.

जायचं कधी, तर कोजागिरी झाल्यावर आणि वसुबारसेच्या आधी. त्यानंतर गर्दी अशी असते की चाचांऐवजी कुणाच्याही हाती परात जाते. दुपारी दोनच्या सुमारास सकाळचा पाव निघून गेलेला असतो आणि संध्याकाळच्या पावाला अवकाश असतो, तेव्हा कारागीर मोकळे असतात. चारनंतर गेलात तर घाईघाईत उरकतील. डबे स्टीलचे न्या, झाकणं सैल ठेवा आणि माल पूर्ण गार होईपर्यंत तिथेच थांबा. ओव्हनमधून निघालेली नानकटाई मऊ असते, गार होतानाच कडक होते. गरम असताना डबा बंद केला तर आत वाफ धरते आणि दुसऱ्या दिवशी ती लिबलिबीत. पिशवी घेऊन पळणारे लोक दरवर्षी दिसतात आणि दरवर्षी बेकरीच्या नावाने बोटं मोडतात.

माझ्याकडून पाचपैकी चार. एक गुण कापला तो पत्र्यावर नंबर न घालण्याबद्दल, खडू आणला की परत देईन. शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळी मागचं काम तासभर थांबतं, तेवढं सांभाळून जा.